शेफर्ड्स पाय : खिम्यातील पाणी आणि बटाट्याचा थर

प्रश्न : घरातील सहा जणांच्या रात्रीच्या जेवणासाठी मी शेफर्ड्स पाय, म्हणजे खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजायचा ब्रिटिश पदार्थ, केला. ओव्हनमधून काढला तेव्हा तो वरून उत्तम दिसत होता. परंतु वाढायला घेतल्यावर खालचा खिमा पातळ रश्शात पोहत असल्याचे आणि बटाट्याचा थर मधोमध खचल्याचे लक्षात आले. कृती सोपी असल्याचे सगळीकडे सांगितले जाते, मग असे का व्हावे? कृपया प्रमाणासह मार्गदर्शन करावे.

उत्तर : कृती खरोखरच सोपी आहे. मात्र या पदार्थाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एका गैरसमजात असते, तो म्हणजे राहिलेले काम ओव्हन पुरे करील. उघड्या पातेल्यात रस आटतो, कारण वाफेला वाट असते. शेफर्ड्स पायमध्ये मात्र खिम्यावर बटाट्याचे जाड झाकण बसते आणि आतली वाफ आतच कोंडते. त्यामुळे ओव्हनमध्ये जाताना खिमा जितका पातळ असेल, जवळपास तितकाच तो बाहेर येताना राहतो. ओव्हनकडून दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवावी : सर्व काही एकसारखे गरम करणे आणि वरचा थर खरपूस करणे. बाकी सारे शेगडीवरच संपले पाहिजे.

सहा जणांसाठी सुमारे 700 ग्रॅम मेंढीच्या मांसाचा खिमा, एक मोठा कांदा, दोन गाजरे, सेलरीचा एक दांडा, लसणाच्या दोन पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी, एक मोठा चमचा मैदा, 350 मिलिलिटर स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी), एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस (आंबट-खारट चवीचा पातळ इंग्लिश सॉस), थोडे थाइम (एक सुगंधी पाला) आणि वाटीभर मटार पुरतात. वरच्या थरासाठी एक किलो बटाटे, 50 ग्रॅम लोणी आणि 75 ते 100 मिलिलिटर दूध घ्यावे. ओव्हनमध्ये ठेवायचे भांडे सुमारे दोन लिटरचे आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल असावे.

प्रथम रुंद बुडाचे भांडे चांगले तापवून त्यात खिमा दोन खेपांत परतावा. सगळा खिमा एकदम टाकला की भांड्याचे तापमान उतरते, मांसाला पाणी सुटते आणि ते भाजले जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडते. रंग येईपर्यंत त्याला फार हलवू नये. तपकिरी झालेल्या भागातच पुढच्या ग्रेव्हीची चव असते. मेंढीच्या मांसाला चरबी बरीच सुटते, म्हणून खिमा बाजूला काढून दोन चमचे चरबी तेवढी भांड्यात ठेवावी व उरलेली काढून टाकावी, नाहीतर ती शेवटी कडेने वर येऊन सगळा पदार्थ ओशट करते. त्याच भांड्यात बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे मऊ होऊ द्यावी, मग लसूण व टोमॅटो प्युरी घालून प्युरीचा कच्चा आंबटपणा जाईपर्यंत परतावे. त्यावर मैदा भुरभुरून मिनिटभर परतावा, खिमा परत घालावा, थोडा थोडा करून स्टॉक ओतावा आणि सॉस, थाइम, मीठ, मिरपूड घालून झाकण न ठेवता पंचवीस-तीस मिनिटे मंद शिजू द्यावे.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. कालथा भांड्याच्या तळातून ओढल्यावर मागे उमटलेली वाट क्षणभर तशीच राहिली आणि मग सावकाश मिटली, म्हणजे खिमा मिळून आला. रस अंगाबरोबर असावा, वेगळा वाहणारा नसावा. या टप्प्यावर मटार घालावेत आणि खिमा ओव्हनच्या भांड्यात पसरून वीस मिनिटे तरी निवू द्यावा. ही वीस मिनिटे अनेक जण वाचवू पाहतात, आणि बटाटा खचतो तो बहुधा तेथेच. निवलेला खिमा घट्ट होऊन वरच्या थराचा भार पेलतो. गरम, पातळ खिम्यावर मात्र बटाटा टाकताक्षणी बुडू लागतो.

बटाटा आधी भांड्याच्या कडेने लावत न्यावा आणि शेवटी मध्ये आणावा. थर कडांना चिकटून बसला की ग्रेव्ही उसळून वर येत नाही. काट्याने वर रेघा ओढाव्यात, कारण त्या उंचवट्यांना आधी रंग येतो. 200 अंश सेल्सियसवर पंचवीस ते तीस मिनिटे पुरतात. खाली एक ताट ठेवावे. नाहीतर सांडलेला रस ओव्हनच्या तळाशी करपत बसतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून वाढावे.

प्रश्न : माझा बटाट्याचा थर दर वेळी चिकट आणि ताणला जाणारा होतो. मी वेळ वाचवण्यासाठी मिक्सर वापरते. बटाटे बदलावेत की पद्धत?

उत्तर : आधी पद्धत बदलावी. शिजताना बटाट्यातील स्टार्च फुगतो, पण तो पेशींमध्ये बंद असतो. मिक्सरचे पाते त्या पेशी फाडते, स्टार्च मोकळा होतो आणि लगद्याची खळ बनते. एकदा अशी खळ झाली की लोणी किंवा दूध वाढवून ती सुधारत नाही. हाताचा मॅशर किंवा चाळणीतून दाबून काढणे हाच उपाय आहे, आणि एक किलो बटाट्यांना त्यासाठी पाच मिनिटांहून फारसा वेळ लागत नाही.

बटाटेही पाहून घ्यावेत. शिजल्यावर भुसभुशीत होणारी, पिठूळ जात यासाठी योग्य. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड या जाती त्यासाठी वापरतात. मेणचट गराचे बटाटे सॅलडला शोभतात, येथे नव्हेत. सारख्या आकाराचे तुकडे करून ते थंड, मीठ घातलेल्या पाण्यात चढवावेत, म्हणजे बाहेरचा भाग फुटण्याआधी आतला भाग शिजतो. पाणी गाळल्यावर बटाटे त्याच गरम भांड्यात परत टाकून दोन-तीन मिनिटे वाफ जाऊ द्यावी. येथेही शत्रू पाणीच आहे : ओलसर बटाटा कितीही कुस्करला तरी त्याच्या रेघा उभ्या राहत नाहीत आणि त्याला खरपूसपणा येत नाही. आधी लोणी मिसळावे, नंतर गरम दूध बेताने घालावे. ताटात नुसता वाढायच्या लगद्यापेक्षा हा थोडा घट्टच हवा. एक अंड्याचा बलक किंवा मूठभर किसलेले चेडर चीज घातल्यास रंग अधिक चांगला येतो. पण चीजचा जाड थर पसरण्याची हौस मला स्वतःला पटत नाही, कारण मग खाली काय आहे याची चवच लागत नाही.

प्रश्न : गोमांसाचा खिमा वापरला तर त्याला शेफर्ड्स पाय म्हणता येईल का?

उत्तर : आजच्या ब्रिटिश प्रघातानुसार गोमांसाचा तो कॉटेज पाय आणि मेंढीच्या मांसाचा तो शेफर्ड्स पाय. इतिहास मात्र इतका काटेकोर नाही. कॉटेज पाय हे नाव 1791 साली लिखाणात सापडते, शेफर्ड्स पाय हे नाव एकोणिसाव्या शतकात आले, आणि दीर्घकाळ दोन्ही नावे कोणत्याही मांसासाठी वापरली जात होती. आदल्या दिवशीचे उरलेले भाजके मांस मार्गी लावणे हा त्यामागचा मूळ हेतू होता. आजही असे शिजलेले मांस बारीक चिरून वापरता येते. फक्त ते भाज्या व ग्रेव्ही पूर्ण तयार झाल्यावर शेवटी घालावे, अन्यथा ते कोरडे व चिवट होते. गोमांसाला चरबी कमी असल्यास ती काढून टाकण्याची गरज पडत नाही. बाकी कृती तीच.

प्रश्न : पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी हा पदार्थ रचून ठेवला तर चालेल का? उरल्यास किती दिवस टिकतो?

उत्तर : चालेल, किंबहुना खिमा एक रात्र मुरल्यास चव सुधारते. दोन्ही थर पूर्ण निवल्यावरच एकावर एक रचावेत, झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ते तेथे पोहोचतील असे पाहावे. थंड भांडे 180 अंशांवर चाळीस ते पन्नास मिनिटे घेते. वरचा भाग लवकर लाल होऊ लागल्यास फॉइल पसरावे. कडेने बुडबुडे आले एवढ्यावर विसंबू नये. मधोमध सुरी खुपसून काही क्षण ठेवावी, ती चांगली चटका देणारी निघाली पाहिजे. थर्मामीटर असल्यास मध्यभागी 75 अंश दिसावेत. उरलेला भाग फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा व एकदाच गरम करावा. फ्रीझरमध्ये तीन महिने उत्तम राहतो.

प्रश्न : घरातील दोघे मांसाहार करत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक न मांडता काही करता येईल का?

उत्तर : बटाट्याचा थर सगळ्यांसाठी एकच करावा, त्यात अंडे घालू नये आणि भरण्या दोन कराव्यात. शाकाहारी भरणीसाठी तपकिरी किंवा हिरव्या सालीसकट मसूर आकार न मोडता शिजवून घ्यावेत आणि त्यात बारीक चिरलेले मशरूम मिसळावेत. मशरूम आधी वेगळे, मोठ्या आचेवर, सुटलेले पाणी पूर्ण उडून ते तपकिरी होईपर्यंत परतावेत. हे टाळले तर पहिल्या प्रश्नातील रस्सा येथेही भेटतो. भाज्या, प्युरी, मैदा यांचा क्रम तोच ठेवून भाज्यांचा स्टॉक वापरावा. वूस्टरशर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात, म्हणून त्याऐवजी सोया सॉस घालावा आणि मीठ त्या अंदाजाने कमी करावे. कालथा व चमचे वेगळे ठेवावेत. लहान भांडे पाचेक मिनिटे आधी तयार होते. ओव्हनमध्ये दोन्ही सारखीच दिसतात, तेव्हा एकावर काट्याने सरळ रेघा आणि दुसऱ्यावर जाळी काढावी, म्हणजे वाढताना गोंधळ होणार नाही.