वाचकांचे प्रश्न: तिशीतच खुबा बदलायचा का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३३. ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) बरीच वर्षं स्टिरॉइड चालू आहे. मध्यंतरी उजव्या जांघेत आणि गुडघ्यात दुखायला लागलं, तर आधी गुडघ्याचाच एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला, गोळ्या खात दिवस काढले आणि शेवटी एमआरआय केला तेव्हा दोन्ही खुब्यांत एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रक्त न मिळाल्याने हाड मरणं) निघालं. उजवीकडचा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, खचलाय, डावा अजून गोल आहे. एक सर्जन म्हणतात उजवा खुबा बदलून टाका, दुसरे म्हणतात एवढ्या लहान वयात नको, पन्नाशीपर्यंत ओढा. दुखण्याने रात्री झोप लागत नाही, जिना एकेक पायरी करत चढते. अजून मूल व्हायचंय, त्याचं काय? आणि हे स्टिरॉइडमुळे झालं असेल तर मी ते बंदच करून टाकू का?

उत्तर: शेवटचं आधी. स्टिरॉइड मनाने बंद करू नका. बरीच वर्षं घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं, त्यामुळे एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं, शिवाय ल्युपस उसळेल ते वेगळंच. डोस कमी करता येतो का हे तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा. आणि खचलेला बॉल स्टिरॉइड बंद केल्याने पुन्हा गोल होत नाही.

आता मुख्य मुद्दा. एव्हीएनमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटतो, आतलं हाड मरतं, आणि वजन पेलता पेलता ते टोक एक दिवस दबतं. दबायच्या आधी सांधा वाचवायला वाव असतो, दबल्यानंतर तो फार कमी उरतो. म्हणून तुमचे दोन खुबे म्हणजे दोन वेगळे पेशंट समजा. डाव्यात कोअर डिकम्प्रेशन, म्हणजे हाडात ड्रिलने बोगदा पाडून आतला दाब कमी करायचा, हे करून बघता येतं. गॅरंटी नाही, मेलेला भाग मोठा असेल तर तरीही खचतो, पण निर्णय लवकर घ्यायला हवा. उजव्यात आता ते करून फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही.

"पन्नाशीपर्यंत ओढा" हा सल्ला ज्या काळात आला तेव्हा तो बरोबरच होता. कृत्रिम खुब्याच्या सॉकेटमधलं (बॉल ज्यात बसतो त्या वाटीतलं) जुनं प्लास्टिक झिजायचं, त्याच्या बारीक कणांमुळे आजूबाजूचं हाड विरघळायचं, इम्प्लांट सैल व्हायचं आणि तरुण माणूस जास्त हिंडतो-फिरतो म्हणून त्याचं लवकर व्हायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून क्रॉसलिंक केलेलं पॉलीइथिलीन, म्हणजे जास्त टिकाऊ केलेलं प्लास्टिक, वापरात आलं, ते खूपच कमी झिजतं, आणि त्यावर सिरॅमिकचा बॉल ही जोडी आता तरुणांमध्ये सर्रास वापरली जाते. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात खुब्याच्या १० इम्प्लांटपैकी साधारण ६ इम्प्लांट २५ वर्षं टिकलेले दिसले, आणि २५ वर्षांचा हिशेब लागलाय म्हणजे ते बहुतेक जुन्या प्लास्टिकचेच! अर्थात त्यातले बरेच पेशंट वयाने मोठे होते, त्यामुळे हा आकडा जशाच्या तसा तुम्हाला लावू नका. तुमच्या आयुष्यात कधीतरी रिव्हिजन, म्हणजे इम्प्लांट पुन्हा बदलायचं ऑपरेशन, लागण्याची शक्यता बरीच आहे, आणि रिव्हिजन हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं, हे मनाशी धरूनच हो म्हणा.

पण थांबण्याचीही किंमत असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. १७ वर्षं लंगडत काढली तर मांडीचे स्नायू सुकतात, सांधा आखडतो, कंबर आणि गुडघा तक्रार करायला लागतात, आणि ज्या वयात नोकरी, संसार, मूल सगळं करायचं ते वय दुखण्यात जातं. माझ्या मते निर्णय जन्मतारखेवर नाही तर तुमच्या दुखण्यावर घ्यायचा, आणि ज्याची झोप उडालीय, जिना चढवत नाही, बॉल खचलाय, त्याला मी थांबवणार नाही.

मूल होऊ शकतं, कृत्रिम खुब्यासह नॉर्मल डिलिव्हरीही होते. फक्त ल्युपसमध्ये गरोदरपण आखून घ्यावं लागतं, काही औषधं आधी बदलावी लागतात, म्हणून ऑपरेशन, औषधं आणि गरोदरपण यांचा क्रम सगळ्या डॉक्टरांना एकत्र विचारून ठरवा. भूलतज्ज्ञांना स्टिरॉइडबद्दल आवर्जून सांगा. इन्फेक्शनचा धोका तुमच्यासारख्यांना जास्त असतो, त्यामुळे किडलेला दात, लघवीचं इन्फेक्शन असलं काही असेल तर ते आधी निस्तरा.

प्रश्न: ऑपरेशननंतर पळता येईल का?

उत्तर: चालणं बहुतेकांचं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधार घेऊन सुरू करतात. पुढे पोहणं, सायकल, भरपूर चालणं खुशाल. रोज पळणं आणि उड्या मारणं मात्र मी नकोच म्हणेन, काही सर्जन थोडी सूट देतात. सुरुवातीचे काही आठवडे खूप खाली बसणं, पाय आत वळवून वाकणं टाळावं लागतं, नाहीतर बॉल सॉकेटमधून निसटू शकतो. नेमकं काय टाळायचं हे कुठल्या बाजूने खुबा उघडला त्यावर ठरतं, ते तुमच्या सर्जनलाच विचारा.