आजीच्या नावाचा पिवळा गुलाब करता येईल का?

तुम्ही विचारलंय की आजीच्या पंचाहत्तरीला तिच्या नावाचा गुलाब करता येईल का, आणि तो पिवळा असला तर ‘मत्सर’ असा अर्थ निघेल का.

नाव देता येतं, पण त्यासाठी गुलाब नवा हवा. नर्सरीतून ‘ग्लॅडिएटर’ जातीचा गुलाब आणून कुंडीवर आजीचं नाव लिहिलं तरी तो ग्लॅडिएटरच. जगातले सगळे ग्लॅडिएटर म्हणजे अमेरिकेत पन्नासच्या दशकात निघालेल्या एकाच झाडाचे डोळे (फांदीवरचे कोंब), खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळं धरलेल्या रोपावर, भरून भरून वाढवलेले. नवा गुलाब हवा तर बी धरावं लागतं, आणि बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. ते ज्याने तयार केलं, नाव ठेवायचा हक्क त्याचा. नोंदणी करायची तर 1955 पासून जगभरच्या गुलाबांची नोंद अमेरिकन रोझ सोसायटीकडे होते. नाव आधी कुणी घेतलेलं नसावं. युरोपात काही गुलाबवाले पैसे घेऊन आपल्या नव्या जातीला गिऱ्हाइकाचं नाव देतात. रक्कम ऐकून मी तो विषय सोडून दिला.

आता पिवळ्याचं. विसाव्या शतकातला बहुधा सगळ्यात गाजलेला गुलाब पिवळाच आहे आणि तो एका आईच्या नावाने आहे. फ्रान्समध्ये लिऑनजवळ फ्रान्सिस मेयाँ नावाच्या तरुणाने 1935 साली केलेल्या संकरातून तो निघाला. वहीत त्याचा नुसता क्रमांक होता, 3-35-40. फिकट पिवळी, भरगच्च पाकळी, आणि कडेला गुलाबी रंग उतरलेला. थंडीत ती कड गडद होते, उन्हाळ्यात सगळं फूल पांढुरकं पडतं. 1939 मध्ये त्याचे डोळे जर्मनी, इटली आणि अमेरिकेला गेले, पाठोपाठ युद्ध पेटलं आणि कुणाचा कुणाला पत्ता लागेना. मेयाँने फ्रान्समध्ये त्याला आपल्या आईचं नाव दिलं, ‘मादाम आंत्वान मेयाँ’. जर्मनांनी ‘ग्लोरिया देई’ म्हटलं, इटलीत तो ‘जोया’ झाला. अमेरिकेत 29 एप्रिल 1945 ला पॅसाडेनाच्या कार्यक्रमात ‘पीस’ म्हणून त्याचं बारसं झालं, आणि सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा शिष्टमंडळांच्या प्रमुखांना त्याचं एकेक फूल देण्यात आलं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत तो ‘पीस’ म्हणूनच मिळतो. आईचं नाव मागे पडलं, हे मला थोडं लागतं.

मत्सराचं म्हणाल तर एकोणिसाव्या शतकात पॅरिस-लंडनमध्ये ‘फुलांची भाषा’ सांगणारी पुस्तकं फार खपायची. 1819 मध्ये पॅरिसला शार्लोत द ला तूर या टोपणनावाने निघालेलं पुस्तक त्यातलं गाजलेलं. पिवळ्याच्या वाट्याला मत्सर किंवा उतरलेलं प्रेम आलं ते असल्याच याद्यांतून. आज भेटकार्डवाले त्याच पिवळ्याला मैत्री म्हणतात. तेव्हा आजीला खुशाल पिवळा द्या. शिर्डीला समाधीवर गुलाब वाहणारा किंवा दर्ग्यावर फुलांची चादर चढवणारा कुठली यादी बघून जातो?

आपल्याकडे माणसांच्या नावाचे गुलाब आहेत. गव्हाचे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल, म्हणजे 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले ते, हौसेने गुलाब पैदा करायचे. ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाब त्यांचाच. कोडाईकनालच्या वीरराघवन दांपत्याने आपल्या एका पिवळ्या गुलाबाला वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांचं नाव दिलं. पुन्हा पिवळाच, बघा.

घरी करायचं तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जी फुलं येतात त्यांवर करा. उमलायला एक दिवस असलेली कळी घ्या. पाकळ्या तोडा, बारीक कात्रीने सगळे पुंकेसर काढा आणि वर कागदी पिशवी बांधा. दुसऱ्या दिवशी मधला भाग चिकट झाला की दुसऱ्या गुलाबाचे पराग लावा आणि पिशवी परत बांधा. देठाला चिठ्ठी अडकवा. आधी आईचं, म्हणजे फळ धरणाऱ्या झाडाचं नाव, मग बापाचं, म्हणजे पराग देणाऱ्याचं, हाच रिवाज. फळ धरलं तर ते पिकून नारिंगी व्हायला उन्हाळा उजाडतो. बी ओल्या कागदात गुंडाळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं (घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कचऱ्यात जाईल). उगवलेली रोपं वीतभर व्हायच्या आत पहिलं फूल दाखवतात, आणि त्यातली बहुतेक फेकायच्याच लायकीची असतात. एखादं मनात भरलं तर लगेच बारसं करू नका. त्याचे डोळे चार-पाच खुंटांवर भरा आणि दोन पावसाळे बघा. काळे ठिपके पडून पानं गळाली तर ते नाव देण्यासारखं नाही.

दुसरी वाट नशिबाची. कधी जुन्या झाडाची एखादीच फांदी वेगळ्या रंगाचं फूल देते. ‘पीस’च्याच अशा फांदीवरून शिकागोतल्या एका बागेत ‘शिकागो पीस’ निघाला आणि 1962 मध्ये बाजारात आला. तुमच्या कुंडीत असं दिसलं तर ती फांदी छाटू नका, तिचे डोळे काढा.

पंचाहत्तरी कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मेयाँला संकरापासून अमेरिकेतल्या बारशापर्यंत दहा वर्षं लागली होती. समारंभ पुढच्याच वर्षी असेल तर सरळ ‘पीस’ची कुंडी द्या आणि चिठ्ठीवर त्याचं फ्रेंच नाव लिहा.