दीड आणि साडेतीन वर्षांच्या मुलांना घेऊन मे महिन्यात नैनितालला चार दिवस जावे का? सोबत सासू-सासरे आहेत.

अवश्य जावे, पण प्रश्नात तुम्ही मांडलेला कार्यक्रम मुलांना झेपणारा नाही. पहिले दोन दिवस नैनितालमधले सगळे पॉइंट, तिसऱ्या दिवशी भीमताल, सातताल व नौकुचियाताल आणि चौथ्या दिवशी कैंची धाम हा नीम करोली बाबांचा आश्रम, असे तुम्ही लिहिले आहे. आम्ही मे महिन्यातच पुण्याहून गेलो होतो. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती, मुलगा पंधरा महिन्यांचा, आणि सोबत माझी आई होती. आमचा कार्यक्रमही साधारण असाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही मुले गाडीत रडून रडून झोपली, तेव्हा आम्ही तो सोडून दिला आणि उरलेले दिवस तळ्याच्या काठीच घालवले. मुलांना खरा आनंद मिळाला तो याच दिवसांत.

याचे कारण नैनितालच्या रचनेत आहे. सुमारे १,९४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या एका लांबट तळ्याभोवती हे शहर वसले आहे. वरच्या टोकाला मल्लीताल आणि खालच्या टोकाला तल्लीताल. कुमाऊँनीत मल्ली म्हणजे वरचा आणि तल्ली म्हणजे खालचा. चालायला सपाट अशा जागा तिथे मोजक्याच आहेत: काठाला लागून जाणारा माल रोड, समोरच्या काठाची ठंडी सडक आणि मल्लीतालचे मैदान, ज्याला तिथे फ्लॅट्स म्हणतात. बाकी जिकडे जाल तिकडे चढ किंवा पायऱ्या. हे मैदानही आज एवढे मोठे आहे ते एका दुर्घटनेमुळे. १८ सप्टेंबर १८८० रोजी मोठी दरड कोसळून १५१ माणसे मृत्युमुखी पडली, नैना देवीचे जुने मंदिर गाडले गेले आणि त्या ढिगाऱ्याची भर पडून तळ्याच्या टोकाची ही सपाटी विस्तारली. आज तिथे मुले चेंडू खेळतात. आमची मुलगीही तिथे तासन्‌तास पळत होती.

म्हणून राहण्याची जागा ठरवताना खिडकीतून तळे दिसते का, याआधी रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे फोन करून विचारा. आम्ही ते विचारले नव्हते. छायाचित्रात सुंदर दिसणारी आमची खोली माल रोडपासून चौसष्ट पायऱ्या वर होती. गाढ झोपलेले मूल खांद्यावर, दुसऱ्याचा हात धरलेला आणि मागे गुडघेदुखीची आई, अशा अवस्थेत दिवसातून तीन वेळा ती चढण चढावी लागली. तुमच्यासोबत सासू-सासरे आहेत, तेव्हा खोली माल रोडवर किंवा मल्लीतालच्या सपाट भागात, शक्यतो तळमजल्यावर घ्या. थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील. बाबागाडीचा उपयोग माल रोडपुरताच होतो. धाकट्यासाठी पोटाशी बांधायची झोळी न्या.

प्रवासाचे सांगायचे तर पुण्याहून विमानाने दिल्ली, तिथे एक रात्र मुक्काम आणि सकाळी सहाच्या सुमारास नवी दिल्लीहून सुटणारी काठगोदाम शताब्दी, हा मार्ग मला लहान मुलांसाठी सर्वांत सोयीचा वाटतो. गाडीत मुलांना हिंडता-फिरता येते आणि दुपारच्या जेवणाच्या आत तुम्ही काठगोदामला पोहोचता. तिथून नैनिताल जेमतेम पस्तीस किलोमीटर आहे, पण सगळा रस्ता घाटाचा आणि वळणावळणांचा. एवढ्या अंतरात जवळजवळ चौदाशे मीटर चढायचे असल्याने मुलांच्या कानाला दडे बसतात. त्यांना ते सांगता येत नाही, ती नुसती रडतात. चढ सुरू झाला की धाकट्याला अंगावर किंवा बाटलीने दूध पाजत राहा, गिळण्याने कान मोकळे होतात. मोठ्याला घोट घोट पाणी द्या. भरपेट जेवून घाटाला लागू नका आणि वाटेतल्या ज्योलीकोट गावी दहा मिनिटे थांबा. उलटीच्या औषधाबाबत मात्र फार काळजी घ्यावी. आपल्याकडे घाटात सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळीतील प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, त्यामुळे मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून धाकट्याला देण्याचा विचारही करू नये. निघण्यापूर्वी दोघांच्याही डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता दिवस कसा घालवावा याविषयी. सकाळी आठच्या आसपास तळ्यावर वर्दळ कमी असते. त्या वेळी वल्ह्याची नाव घ्या. पायांनी चालवायची नाव या वयाच्या मुलांबरोबर नको, कारण मोठ्यांचे लक्ष आणि पाय दोन्ही त्यात गुंततात. मुलांच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मिळाल्याशिवाय नावेत पाऊल ठेवू नये. मोठ्यांचे जाकीट पट्टे आवळून घातले तरी मूल पाण्यात पडताच त्यातून निसटू शकते. आमच्या नावाड्याने बराच शोध घेऊन एक छोटे जाकीट आणून दिले आणि तोवर आम्ही धक्क्यावरच थांबलो. नाव तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्याने वल्ही उचलून धरली. वल्ह्याच्या पात्यावरून ओघळणारे थेंब पाण्यात पडत, प्रत्येक थेंबाचे एक वर्तुळ उमटे आणि मुलगी प्रत्येक वर्तुळाला ‘गेलं, गेलं’ म्हणत होती. अर्धा तास तिला दुसरे काही नको होते.

तिथून नैना देवीच्या मंदिरापाशी यावे आणि ठंडी सडकेने तल्लीतालपर्यंत चालत जावे. या वाटेवर वाहने नाहीत, सावली भरपूर आहे, आणि मुलाचे बोट धरून रमतगमत चालता येईल असा याहून चांगला रस्ता मला नैनितालमध्ये आढळला नाही. तळ्याच्या बाजूला मात्र मूल मोकळे सोडू नका. दुपारी खोलीवर परतून मुलांची झोप होऊ द्यावी आणि संध्याकाळी फ्लॅट्सवर जावे. हंगामात संध्याकाळी माल रोडवर वाहनांना बंदी असते, तेव्हा तिथेही निर्धास्त फिरता येते.

प्राणिसंग्रहालय मुलांना आवडेल, परंतु ते उंचावर आहे आणि आतही चढच आहे. खासगी गाडी वरपर्यंत जाऊ देत नाहीत, खालून त्यांचे वाहन घ्यावे लागते. सोमवारी ते बंद असते. मल्लीतालहून स्नो व्ह्यूला जाणारा रोपवे काही मिनिटांचाच आहे आणि मुलांना त्यात गंमत वाटते, पण हिमशिखरे दिसतील या आशेने जाऊ नका. मे महिन्यात बहुधा धुरकट असते, शिखरांचे खरे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. इतर पॉइंट सोडून द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन तळ्यांच्या फेरीऐवजी फक्त भीमताल करा. ते सुमारे १,३७० मीटरवर, म्हणजे नैनितालपेक्षा बरेच खाली आणि उबदार आहे, तळेही मोठे आहे, आणि मधल्या बेटावर मत्स्यालय आहे. नावेत बसून मासे बघायला जायचे, ही कल्पनाच मुलांना फार आवडते. कैंची धामच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. सासू-सासऱ्यांना दर्शन घ्यायचे असेल तर त्यांनी आठवड्यातल्या मधल्या दिवशी पहाटे जाऊन यावे आणि मुलांनी नैनितालच्या तळ्यावरच राहावे. तुमचा बेत जूनवर गेला तर १५ जून टाळा, त्या दिवशी तिथे वार्षिक जत्रा असते.

मे महिन्यातही रात्री गारठा असतो, तेव्हा कानटोपी, मोजे आणि एकेक स्वेटर हवाच. मल्लीतालला बी. डी. पांडे हे सरकारी रुग्णालय आहे. मोठ्या रुग्णालयासाठी मात्र खाली हल्द्वानीला उतरावे लागते, म्हणून तापाचे औषध, मीठ-साखरेची पाकिटे आणि तापमापक सोबत असू द्या. खाण्याची फार चिंता करू नका. आम्ही विनंती केल्यावर हॉटेलच्या स्वयंपाकघरातून रोज मऊ भात मिळत होता. घरून नेलेले मेतकूट आणि तूप त्यावर घातले की धाकटा तळ्यावरच्या नावांकडे बोट दाखवत वाटीभर भात संपवत असे.