चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत टाकीत मासा नको

तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं. दोनशे लिटरची समुद्री माशांची टाकी, मे महिन्यात आणलेली क्लाऊनफिशची जोडी आणि एक टँग मासा. अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आले आणि आठवड्याभरात एकेक करून सगळे गेले. दहा दिवसांनी दुसरी जोडी आणलीत, तिचंही तेच झालं. आता सगळं पाणी ओतून, दगड ब्लीचमध्ये घालून पहिल्यापासून सुरुवात करावी का, असं विचारताय. नका करू. पाणी, दगड, वाळू, पंप, सगळं आहे तसं चालू ठेवा. फक्त मासा आणू नका.

वर्णनावरून हा मरीन इक वाटतो, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. तो काही दिवस माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत राहतो, मग गळून पडतो आणि वाळूवर, दगडावर कवच करून बसतो. कवचाच्या आत त्याचं विभाजन होतं आणि शेकडो नवे जीव मासा शोधत बाहेर पडतात. तुमची दुसरी जोडी नेमकी त्यांच्या तावडीत सापडली. मासा मिळाला नाही तर हे जीव एक-दोन दिवसांत मरतात. अडचण कवचाची आहे. बहुतेक कवचं महिन्याच्या आत फुटतात, पण प्रयोगात काही ७२ दिवसांपर्यंत टिकलेली आढळली आहेत. म्हणून जाणकार ७६ दिवस टाकी माशांशिवाय ठेवायला सांगतात. गोगलगायी, कोळंबी असतील तर राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही. मात्र टाकीत नव्याने काहीही घालू नका, दुसऱ्याच्या टाकीतलं पाणीसुद्धा नाही.

ब्लीचने परजीवी मरेल, पण दगडातले अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणूही मरतील. ते पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे जातात. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असल्यामुळे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त विषारी ठरतो. तेव्हा आहेत ते जिवाणू जपा. दोन-तीन दिवसांतून एकदा चिमूटभर खाद्य टाकत राहा म्हणजे ते कुजून थोडा अमोनिया होईल आणि जिवाणूंना काम राहील, आणि दर आठवड्याला अमोनिया तपासा.

आपल्याकडे गोव्यात टाकीचा हा रिकामा काळ पावसाळ्यात येतो हे बरंच आहे. १ जूनपासून मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, समुद्रालाही ६१ दिवस विश्रांती मिळते, तशी टाकीला मिळू द्या. त्यापुढे लगेच चवथ. चार-पाच दिवस गावच्या घरी गेलात तर मागे टाकीकडे बघणार कोण? म्हणून मासे चवथ आटोपून परत आल्यावरच आणा. मे महिन्यात समुद्री टाकी सुरू करणं मला मुळातच पटत नाही. पाणी तीस अंशांवर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि कल्ल्यांत परजीवी असलेला मासा आधी गुदमरतो. पंख्याने पाण्याचं तापमान थोडं उतरतं, पण पावसाळी दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे बाजूला काढा. आणि वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप आजच घ्या.

कळंगुटहून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का, हेही विचारलंय. पावसाळ्यात अजिबात नाही. मांडवी, झुवारी, शापोरा यांचं गढूळ गोडं पाणी किनाऱ्यालगत पसरलेलं असतं, क्षारता कुठल्या कुठे उतरते. आरओच्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या साधनावर, हजारी ३५ राखा. बाष्पीभवनाने उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, नेहमी गोड्या पाण्याने. रोज दोन लिटर उडत असेल आणि आठवडाभर टॉप-अप राहिलं, तर ३५ चे ३७ च्या वर जातात. किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडेही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ संरक्षित आहे.

या मधल्या काळात चाळीस-पन्नास लिटरची वेगळी क्वारंटाइन टाकी उभी करा. तिचा स्पंज फिल्टर आत्तापासून मोठ्या टाकीत ठेवा, ७६ दिवसांनी तो जिवाणूंनी भरलेला असेल आणि परजीवीमुक्तही. नवा मासा महिनाभर तिथेच राहील. तांब्याचं औषध द्यावं लागलं तर तिथेच, बाटलीवरच्या प्रमाणात आणि कॉपर टेस्ट किट हाताशी ठेवून. मोठ्या टाकीत तांबं गेलं की दगड ते शोषून घेतात आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात.

पिशवीतून मासा आणल्यावर तासन्‌तास तिच्यात टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दुकानदाराला क्षारता आधी विचारून क्वारंटाइनची तेवढीच ठेवा, तापमान जुळलं की मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर.

सुरुवात टाकीत पैदा झालेल्या क्लाऊनच्या एका जोडीने करा. त्यांना तयार खाद्याची सवय असते आणि समुद्रातून पकडून आणल्याचा ताण नसतो. टँग पुन्हा आणू नका, दोनशे लिटरमध्ये त्याला पोहायला जागाच नाही.

आज अमोनिया, नायट्राइट, क्षारता आणि दुपारी तीनचं तापमान मोजून इथेच लिहा. टाकीत कधी तांब्याचं औषध टाकलं असेल तर तेही सांगा, कारण तसं असेल तर दगडांबद्दलचा माझा सल्ला बदलेल.