शब्द कोणताही द्या, कविता बाबांवरच जाते

"मॅडम, शब्द 'छत्री' असू दे नाहीतर 'मीठ', चौथ्या ओळीत बाबा येतातच. आई म्हणते, सारखं तेच उगाळत बसू नकोस. हे म्हणतात, सोड ना आता. मी खरंच अडकलेय का हो?"

प्रश्न विचारणारी सांगलीतली एक शिक्षिका. नोकरी, घर वगैरे ओळख पटण्यासारखे तपशील मी बदलले आहेत. वडील जाऊन सात-आठ महिने झाले होते. एप्रिलमध्ये मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक शब्द पडायचा आणि रात्री झोपायच्या आत त्यावर कविता टाकायची, असा नेम सुरू झाला होता. एप्रिलभर रोज एक कविता लिहायची ही टूम अमेरिकेतल्या मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने 2003 साली काढली, आता ती सगळीकडे पसरली आहे. दिलेल्या ओळीवर रचना करायची समस्यापूर्ती आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेच. आणि जात्यावर बसणाऱ्या बायका तर रोज पहाटे त्याच माहेरावर, त्याच भावावर ओव्या रचत आल्या. त्यांना कुणी 'उगाळतेस' म्हटलं नसावं. हे मी तिला सांगितलं. ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही. बरोबरच होतं. ओवीचा दाखला देऊन कुणाचं दुःख हलत नाही.

मी वही मागितली. "वृत्तात नाहीये हं काही," ती घाईने म्हणाली. वही पुढे करताना प्रत्येक जण हे म्हणतो. मला वृत्तातलं फारसं कळत नाही, हे सांगितलं की माणसं जरा सैलावतात.

कविता तारखेप्रमाणे वाचत गेले. रिकामी खुर्ची, सुनं अंगण, पोरकेपण, 'आता कोण म्हणेल'. 'छत्री'चं शीर्षक काढून 'मीठ' लावलं असतं तरी काही बिघडलं नसतं. आणि एक गोष्ट फार खटकली. इतक्या कवितांत बाबा होते, पण बाबा काहीच करत नव्हते. नुसते नव्हते.

वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, एवढं तिच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. कवितेत पेठ नव्हती, हळद नव्हती, हिशेबाची वही नव्हती.

म्हणून तिला दोन अटी घातल्या. दिलेला शब्द शेवटच्या ओळीपर्यंत सोडायचा नाही. आणि बाबा आले तर येऊ देत, पण त्यांच्या हातात काहीतरी काम द्यायचं. खुर्ची, अंगण, पोरकं हे शब्द काही दिवस बंद. वेळ पंधरा-वीस मिनिटं. मग वही मिटायची आणि भाजी निवडायला घ्यायची. रात्री झोपताना लिहायचं नाही, कारण लिहून झाल्यावर मन जड होतं आणि ते जडपण अंथरुणात नेलं की पहाटेपर्यंत पुरतं.

हे मी मनाने काढलेलं नाही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी लागोपाठ 4 दिवस रोज 15 मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायचं. लिहून उठल्याबरोबर त्यांना वाईटच वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या 6 महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतर अशा लिखाणाची छाननी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारणं, उलगडे वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. पहिल्या दिवशीचंच चौथ्या दिवशी लिहिणाऱ्यांना तितका नाही. हे सगळं गद्य लिखाणाबद्दल आहे, कविता वेगळी. पण उगाळणं ओळखायला मला ही खूण कामाची वाटते. विषय तोच आहे का, हे मी बघत नाही. तो पुढे सरकतोय का, हे बघते.

काही आठवड्यांनी ती आली. एका दिवशीचा शब्द होता 'कंदील'. तिच्या परवानगीने त्या ओळी देते:

पेवाचं तोंड उघडून बाबा बसून राहायचे.
आधी कंदील खाली.
ज्योत तगली तर माणूस उतरणार,
विझली तर आज कुणी नाही.
मी म्हटलं, किती वेळ थांबायचं?
म्हणाले, कंदील सांगेल.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात अशी खूप पेवं होती, 2005 च्या महापुरात त्यातली पुष्कळ निकामी झाली. बंद पेवातली हवा गुदमरवणारी असते, म्हणून आधी दिवा सोडून बघायचा. लहानपणी बाबांबरोबर गेल्याचं ती साफ विसरली होती. सांगताना रडली, आणि रडता रडता कंदिलाची काच कशी काळी पडायची तेही सांगत राहिली. तिच्या तोंडून वडिलांबद्दल एवढं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या महिन्यात तिचे काही दिवस चुकले, शाळेच्या परीक्षा होत्या. नेम मोडला म्हणून ती हळहळली. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. रोज लिहिण्याने हात वळतो, एवढाच त्याचा उपयोग. राहिलेल्या कविता एका रात्रीत बसून 'भरून काढू' नका म्हटलं, बस.

सगळ्यांनाच वही द्यावी असं नाही. एका कॉलेजच्या मुलाचं लिखाण दिवसेंदिवस अंधारत चाललं होतं. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, आणि ओळींत 'मी नसेन तेव्हा' वारंवार. त्याला थेट विचारलं, मरावंसं वाटतं का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला. लिखाण बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना बोलावलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. अशा वेळी रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा मोफत सरकारी नंबर आहे. शोक किती लांबला म्हणजे आजार, याचे निकष आहेत. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात किमान 6 महिने, अमेरिकेतल्या वर्गीकरणात मोठ्यांसाठी 12. पण नुसते महिने मोजून भागत नाही. माणूस कामाला जातो का, जेवतो का, चारचौघांत बसतो का, हेही बघावं लागतं. शिक्षिका हे सगळं करत होती.

मध्ये तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, ती शाळेत गेली की वही टेबलावरच असते. वाचू का? काळजी वाटते हो." मी म्हटलं, काकू, गुपचूप नका वाचू. तिने आपणहून दिली तर जरूर वाचा. आणि वाचून झाल्यावर 'छान लिहिलंयस' म्हणून परत देऊ नका. तिचे बाबा कोणाच्या पेवावर जायचे, कंदील घरून न्यायचे की तिथला असायचा, हे तिला माहीत नाही. तुम्हाला असेल.

"तिथलाच असायचा," त्या म्हणाल्या, "घरचा कंदील ते कुणाला हात लावू देत नसत." मग त्याला का हात लावू देत नसत, ते सांगत बसल्या.