पन्नास हजारांचा ब्लेंडर आणि आपली शेंगदाण्याची चटणी : वाचकांचे प्रश्न, दुकानदाराची उत्तरं

मिक्सर विकणं आणि दुरुस्त करणं हाच आमचा धंदा, त्यामुळं प्रश्न कायम येतात. पण सध्या सगळ्यांच्या डोक्यात एकच आहे, भारीतला ब्लेंडर घ्यावा का. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : घरातला मिक्सर जुना झालाय. मुलं जिमला जातात, रोज स्मूदी लागते. पन्नास हजारापर्यंत तयारी आहे, व्हायटामिक्स मनात आहे. तो आला की मिक्सर काढून टाकला तर चालेल ना?

ताई, ब्लेंडर घ्या पण मिक्सर काढू नका. हे दोन वेगळ्या कामाचे गडी आहेत आणि दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर गिऱ्हाईक विचारात पडतं.

व्हायटामिक्स, ब्लेंडटेक ही अमेरिकन मशिनं मुख्यतः ओल्या कामाची. भांडं मोठं, दीड-दोन लिटरचं, आणि पातं सुरीसारखं धारदार नसतं, बऱ्यापैकी बोथटच असतं. ते कापत नाही, वेगात आपटून फोडतं. आत पाणी किंवा दूध असलं की भोवरा तयार होतो, वरचा माल खाली ओढला जातो, खालचा भिंतीवरनं वर येतो आणि हे चक्र चालू राहतं. म्हणून पालक, गाजर, भिजवलेले बदाम, खजूर, बर्फ असलं काहीही टाका, एक तुकडा जिभेला लागत नाही. आपल्या मिक्सरमध्ये खजुराच्या सालीचे तुकडे शेवटपर्यंत राहतात ते तुम्हाला माहितीच आहे.

आता त्याच भांड्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, चार लसूण पाकळ्या, तिखट, मीठ टाकून बघा. तळ रुंद, माल थोडा. पहिल्या दोन सेकंदात सगळं उडून भिंतीला चिकटतं आणि पातं मोकळंच फिरत बसतं, मग झाकण काढा, चमच्यानं खाली ओढा, परत लावा, परत तेच. आपल्या चटणीच्या भांड्यात पात्याचं टोक भिंतीला जवळजवळ लागलेलं असतं, मालाला पळायला जागाच नाही, म्हणून त्यात दोन चमचे जिरं पण निघतं. आणि चटणी एकसारखी फिरवायची नसतेच हो, टक-टक करून सोडत सोडत काढायची, नाहीतर घर्षणानं गरम होऊन दाण्याचं तेल सुटतं आणि गोळा होतो.

आपला मिक्सर असा का झाला त्याची गोष्ट पण ऐकून ठेवा. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर म्हणून इंजिनिअर होते, त्यांच्या घरातला जर्मन मिक्सर आपल्या वाटणाला टिकेना, तेव्हा त्यांनी भारतीय स्वयंपाकासाठी ५०० वॅटची मोटर घालून मिक्सर बनवला, तोच सुमीत. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी मिरची हे डोळ्यासमोर ठेवून केलेलं मशीन ते, आणि आजचे सगळे मिक्सर त्याच वाटेनं आलेत.

तर हिशेब सरळ आहे. घरात रोज तीन-चार ग्लास स्मूदी होत असेल, बदामाचं दूध, सूप चालू असेल तर पन्नास हजार वसूल होतील. रोज एकच केळ्याचा शेक होत असेल तर सुजाताचा ९०० वॅटचा किंवा त्या ताकदीचा दुसरा मिक्सर घ्या, सहा-सात हजारात काम होतं, उरलेल्या पैशात सोनं घ्या. आणि ब्लेंडर घ्यायचंच ठरलं असेल तर उंच-निमुळत्या भांड्याचं मॉडेल बघा, रुंद बुटकं भांडं कपाटाखाली बसतं म्हणून लोक घेतात पण त्याला माल जास्त लागतो, दोघांपुरतं काही निघत नाही. सोबत एक काठी येते, टॅम्पर म्हणतात, झाकणाच्या भोकातनं घालून माल दाबायची. झाकण बसलेलं असताना ती पात्याला लागणार नाही अशा मापाची असते, म्हणून तीच वापरायची. लाकडी उलथनं घालून पातं मोडलेली मशिनं आमच्याकडं येतात.

प्रश्न (तासगाव) : एका ब्लेंडरवर ३ हॉर्सपॉवर लिहिलंय, दुसऱ्यावर ९०० वॅट, तिसऱ्यावर ४८५ वॅट. सगळ्यात जास्त आकडा तोच चांगला का?

नाही. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ३ हॉर्सपॉवर झाले २२३८ वॅट. आता अमेरिकेतल्या घरातला साधा सॉकेट १२० व्होल्ट, १५ अँपिअरचा, त्यातनं जास्तीत जास्त १८०० वॅट निघतात. मग २२३८ कुठनं आले? तर तो 'पीक' आकडा असतो, मोटर सुरू होताना क्षणभर उसळी मारते ना, ती. काम करताना तेवढी ताकद कधीच नसते. बॉक्सवर 'पीक' शब्द बारीक अक्षरात असतो, चष्मा लावून बघा.

आणि वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, काम किती करतं ते नाही. ॲटमबर्गच्या बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या, मोटरच्या मिक्सरवर ४८५ वॅट लिहिलंय म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्या मोटरीत कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, नसतात, घासण्यात आणि उष्णतेत कमी वाया जातं, त्यामुळं कमी विजेत पण जोर मिळतो. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये ब्रश असतात, मागच्या जाळीतनं बघितलं तर निळी ठिणगी दिसते ती त्यांचीच. ब्रश झिजतात, पण बदलून मिळतात आणि स्वस्त असतात.

मी वॅटच्या आधी सलग किती मिनिटं चालतो ते विचारतो. सुजाताचे ९०० वॅटवाले ९० मिनिटं सलग चालतात असं कंपनी सांगते, बाकी बऱ्याच घरगुती मिक्सरना पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा असं पुस्तकातच लिहिलेलं असतं. ते पुस्तक कोण वाचतंय म्हणा.

प्रश्न (मिरज) : मुलगा अमेरिकेत असतो, दिवाळीला येताना तिकडनं ब्लेंडर आणतो म्हणतोय, तिकडं सेलमध्ये निम्म्यात मिळतोय. इकडं चालेल का?

काका, त्याला आत्ताच फोन करा आणि आणू नको म्हणून सांगा. तिकडची लाईट १२० व्होल्ट, आपली २३०. पिन बदलायचा छोटा ॲडॉप्टर मिळतो बाजारात, तो फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, तेवढ्यावर लावलात तर बटण दाबल्या दाबल्या मोटर गेली.

मग लोक म्हणतात ट्रान्सफॉर्मर लावू. चालतो की. पण ब्लेंडर चौदाशे वॅटच्या आसपास घेतो, त्याला निदान २००० व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद मोजायचं माप), खरं तर त्याच्याहून मोठाच स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आणि तो उचलायला दोन्ही हात लागतात. ओट्यावर ब्लेंडरपेक्षा जास्त जागा तोच खाईल, वहिनी आठवड्यात दोन्ही माळ्यावर टाकतील. ट्रॅव्हलसाठी जे हलके कन्व्हर्टर मिळतात ते तर मोटरीला लावायचेच नाहीत. शिवाय तिकडच्या मशीनची वॉरंटी साधारण तिकडंच चालते. निम्म्यात मिळतंय ते तिकडं राहणाऱ्यांसाठी. २३० व्होल्टचं, भारतातलं बिल असलेलंच घ्या आणि घ्यायच्या आधी विचारा की सर्व्हिस कुठं आहे. 'पुण्याला पाठवावं लागेल' असं उत्तर आलं तर जाऊन-येऊन किती दिवस मशीन घरात नसणार ते पण विचारा.

प्रश्न (सातारा) : महागाचा ब्लेंडर घेतला, भांडं काचेसारखं स्वच्छ होतं, सहा महिन्यात पिवळं आणि धुरकट झालं. बदलून मागू का?

काकू, पिवळं आणि धुरकट हे दोन वेगळे आजार आहेत.

पिवळं झालंय हळदीनं. हळदीचा रंग पाण्यात नाही पण तेलात विरघळतो, म्हणून तेलाचं वाटण केलं की प्लास्टिकला धरतो. भांडं घासून घासून हात दुखवू नका, धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात उपडं ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, गच्चीवर वाळत घातलेल्या साडीवरचा डाग फिका होतो तसाच.

धुरकट मात्र जाणार नाही. तुम्ही त्यात सुकं दळलंय, बरोबर? धने, तांदूळ, साखर असलं काहीतरी. ही भांडी ट्रायटन नावाच्या प्लास्टिकची असतात, आपटली तरी लगेच फुटत नाहीत पण सुक्या दाण्यानं आतनं बारीक चरे पडतात. काही कंपन्या सुक्या दळणाचं भांडं वेगळं विकतात, साधारण एक लिटरचं, त्यात पात्याची ठेवणच अशी की दाणे खाली न ओढता वर उडवले जातात. ते घ्या नाहीतर सुकं सगळं स्टीलच्या मिक्सरच्या भांड्यात करा. चरे पडले म्हणून कंपनी बदलून देईल असं मला वाटत नाही, विचारायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न (कराड) : सासऱ्यांना सगळं पातळ करून द्यावं लागतं. गरम वरण-भाजी बुलेट मिक्सरमध्ये फिरवली तर चालते का?

अजिबात नाही. बुलेट म्हणजे कप उलटा बसवून फिरवायचा छोटा मिक्सर, त्याचा कप सगळीकडनं बंद असतो, गरम पदार्थाची वाफ कोंडते आणि कप उघडताना सगळं तोंडावर येतं, कधी चालू असतानाच उडतं. कोमट होऊ द्या, किंवा हँड ब्लेंडर घ्या, दोन हजारात चांगला येतो, पातेल्यातच फिरवता येतो, धुवायला पण एकच दांडा. मोठ्या ब्लेंडरच्या झाकणाला वाफ जायला वाट असते म्हणून त्यात गरम चालतं, पण अर्ध्याच्या वर भरायचं नाही आणि सुरुवात सगळ्यात कमी स्पीडवर. त्या मशीनमध्ये तर साध्या पाण्यातल्या भाज्या पाच-सहा मिनिटं फुल स्पीडला फिरवल्या की नुसत्या घर्षणानं वाफाळतं सूप होतं, गॅस पेटवायला नको. तुमच्या कामाला मात्र तेवढ्या खर्चाची गरज नाही.

प्रश्न (पलूस) : आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मिक्सरला जळका वास येतो, कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा खालचा तुकडा) वर्षात दोनदा गेला. भारी मशीन घेतलं की हा त्रास संपेल का?

दादा, व्होल्टेज पडलं की मोटरीचा जोर पडतो, भांड्यात माल तेवढाच, पातं अडतं, पंखा पण त्याच दांड्यावर असल्यामुळं हवा कमी मिळते आणि मोटर तापते. भारी मशीनला पण हेच. फरक एवढाच की चांगल्या मशीनमध्ये तापलं की आपोआप बंद होतं. आपल्या मिक्सरला पण खालच्या बाजूला एक छोटं, बहुतेक लाल, बटण असतं, लोड झाला की ते सुटतं, दहा-पंधरा मिनिटं थांबून दाबलं की चालू. ते न दाबता मशीन बंद पडलं म्हणून दुकानात आणणारे लई आहेत, आम्ही दाबून देतो आणि चहा पाजून पाठवतो.

कपलर गेला म्हणून कंपनीला शिव्या देऊ नका. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, पातं अडकलं तर शंभर रुपयाचा कपलर तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. वर्षात दोनदा जातोय याचा अर्थ भांडं जास्त भरताय, किंवा भांड्याच्या खालचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, घट्ट झालाय. भांडं रिकामं करून कपलरात बसणारी खालची चावी बोटानं फिरवून बघा, अलगद फिरली पाहिजे. खरखरली आणि काळं पाणी गळत असलं तर आधी तो बुश बदला. आणि वाटण दुपारीच करून ठेवा, व्होल्टेज बरं असतं तेव्हा.

प्रश्न (सांगली, गावभाग) : महागाच्या ब्लेंडरमध्ये ऊसाचा रस निघेल का? आणि हळकुंडं दळता येतील का?

ऊस सोलून बारीक तुकडे करून थोड्या पाण्यात फिरवला तर रस निघतो, पण चोथ्यासकट, मग फडक्यात पिळत बसा. कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळात पंधरा-वीस रुपयात ग्लास मिळत असताना हा उद्योग कशाला ते मला कळत नाही.

हळकुंड मात्र टाकूच नका, कितीही भारी मशीन असू दे. सांगलीच्या लोकांना हळद काय सांगायची, वाळलेलं हळकुंड दगडाला भारी असतं, अख्खं टाकलं तर पातं वाकतं नाहीतर भांड्याला तडा जातो. खलबत्त्यात ठेचून, बारीक करून, थोडं थोडं स्टीलच्या भांड्यात फिरवलं तर जमतं, तरी चाळून घ्यावी लागते. किलोच्या वर असेल तर सरळ डंकावर न्या, आणि तिखटाच्या आधी नंबर लावा, नाहीतर हळदीला मिरचीचा ठसका लागतो.