ओळख पटली नाही, म्हणून तर नवी

एका शिक्षिकेनं शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रिकेसाठी लिहिलेलं एक वाक्य पाठवलं आहे आणि ते मराठी म्हणून बरोबर आहे का, असं विचारलं आहे. वाक्य असं: ‘अमेरिकेच्या वाळवंटात पतंगाची नवी प्रजाती शोधण्यात आली असून शास्त्रज्ञांनी तिची ओळख पटवली आहे.’ बातमी २०१७ सालची, डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव मिळालेल्या पतंगाची.

व्याकरणात चूक नाही. पण ‘ओळख पटवली’, ‘शोधण्यात आली’ आणि ‘प्रजाती’ या तिन्ही ठिकाणी मी अडखळलो. त्यातही पहिल्या ठिकाणी सगळ्यात जास्त.

ओळख पटते ती कशाशी तरी ताडून पाहिल्यावर. गर्दीत कुणी हाक मारली, तर तो चेहरा आधी कुठेतरी पाहिलेला असेल तरच ओळख पटते. पतंगांचा अभ्यासक नमुना हाती आला की हेच करतो. पंखांवरचे पट्टे आणि ठिपके, मिशा, डोक्यावरचे खवले हे सगळं तो आधी माहीत असलेल्या जातींशी ताडतो. बारीक पतंग तर एकमेकांसारखे इतके दिसतात की नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. मग पोटाचा भाग अलगद वेगळा करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करतात. मऊ भाग विरघळून जातो आणि कायटिनची (कीटकांचं कवच ज्याचं असतं त्या पदार्थाची) टणक जननांगं तेवढी उरतात. ती काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कारण त्यांचा आकार बहुतेक वेळा जातीगणिक वेगळा असतो. जोडीला डीएनए तपासतात. या सगळ्यात जुळणी झाली तर ओळख पटली, आणि विषय संपला. कशाशीच जुळेना, तेव्हा कुठे नव्या जातीचा संशय येतो. म्हणजे ‘नव्या जातीची ओळख पटवली’ हे वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. इथे ‘ही वेगळी जाती असल्याचं दाखवून दिलं’ असं म्हणावं. ‘ओळख पटवणे’ हा सुंदर वाक्प्रयोग जुन्या, माहीत असलेल्या जातींसाठी राखून ठेवावा.

आता ‘शोधण्यात आली’. हे वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे कंदील घेऊन वाळूत हिंडणारा माणूस उभा राहील. प्रत्यक्षात कॅनडातले कीटकशास्त्रज्ञ वाझरिक नझारी हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बोहार्ट कीटक संग्रहालयाकडून आलेले, टाचणीला टोचून ठेवलेले नमुने तपासत होते. पतंग कधीच पकडलेला होता, संग्रहात ठेवलेला होता. तो वेगळा आहे हे मात्र कुणी मांडलं नव्हतं. त्यांनी ते मांडलं आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं.

‘वर्णन’ हाच इथे नेमका शब्द आहे, आणि भाषांतर करणारे नेमके त्यालाच बिचकतात. वर्णन म्हटलं की आपल्याला निबंधातली पावसाळ्यातली सकाळ आठवते. प्राणिशास्त्रात मात्र वर्णन म्हणजे जवळजवळ दस्त नोंदवण्यासारखं काम. त्याला आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. नाव द्यायचं, ही जाती इतरांपासून कशी वेगळी हे सांगायचं, कुठल्या नमुन्यावरून हे नाव दिलं तो एक नमुना नेमून द्यायचा आणि हे सगळं प्रसिद्ध करायचं. त्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. पतंग वाळूवर हजारो वर्षं उडत असेल, पण शास्त्राच्या दप्तरात तो ‘नवा’ होतो तो वर्णन छापून आल्यावर. म्हणून ‘नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं’ हे बिनधास्त लिहावं. मुलांना एक नवा अर्थ कळेल.

आणि वेगळेपण सांगणाऱ्या खुणांसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: व्यवच्छेदक लक्षणं. तर्कशास्त्रातून तो आपल्या साहित्यसमीक्षेत आला आणि रुळला. पतंगाच्या बाबतीत तो अक्षरशः चपखल बसतो. नेमून दिलेल्या त्या एका नमुन्याला मी ‘नामधारक नमुना’ म्हणेन. ‘नामधारी’ म्हणू नये, कारण मराठीत नामधारी म्हणजे नावापुरता, आणि इथे तर सगळा भार त्या एका नमुन्यावर असतो.

‘प्रजाती’चा घोळ मोठा आहे. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे वंश (इंग्रजीत जीनस), आणि त्या वंशातली एकेक म्हणजे जाती (स्पीशीज). वर्तमानपत्रांत मात्र जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. काही अंशी हा हिंदीचा परिणाम. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं: ‘जात’ या शब्दाशी आपल्या समाजाचं जे दुखणं जोडलेलं आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात थबकतो. ते मी समजू शकतो. पण या पतंगाच्या बाबतीत अर्थच उलटतो. ‘निओपाल्पा’ ही त्याची प्रजाती १९९८ मध्ये कीटकशास्त्रज्ञ पोव्होल्नी यांनी स्थापली होती आणि ‘निओपाल्पा निओनाटा’ ही तिच्यातली जाती माहीत होती. नझारींनी त्याच जुन्या प्रजातीत दुसरी, नवी जाती दाखवली. विश्वकोश वाचणारा मुलगा ‘नवी प्रजाती’ वाचून उलटंच समजेल. मी तरी जाती लिहीन. प्रजातीच लिहायचं असेल, तर वरच्या पायरीला कायम वंश म्हणावं आणि एका लेखात दोन पद्धती मिसळू नयेत.

‘पतंग’ आणि ‘वाळवंट’ तसेच राहू द्यावेत. पतंग म्हणजे उडवायचाही आणि दिव्यावर झेपावणाराही, पण संदर्भ असला की गोंधळ होत नाही. वाळवंट म्हटल्यावर पंढरपूरला जाऊन आलेल्या मुलांना चंद्रभागेचं वाळवंट आठवेल. ‘वाळूच्या टेकड्या’ असे दोन शब्द घातले की चित्र स्पष्ट होतं.

नावाविषयी थोडं, कारण मुलांना हे नक्की आवडेल. ‘निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी’ या नावातला शेवटचा ‘ई’ म्हणजे लॅटिनमधली षष्ठी, आपला चा-ची-चे. डोक्यावरच्या पिवळसर पांढऱ्या खवल्यांवरून हे नाव सुचलं, आणि अशा नाजूक अधिवासांकडे लोकांचं लक्ष जावं हाही हेतू नझारींनी सांगितला होता. ठिकाणावरूनही नाव देतात. अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स नावाचा जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा सुमारे ७१० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. (ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं, तेच हे जिप्सम.) तिथल्या एका वेगळ्या पतंगाचं वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच्या नावातला दुसरा शब्द आहे ‘व्हाइटसँड्सेन्सिस’. हा ‘एन्सिस’ म्हणजे त्या ठिकाणचा. पुणेकर, सातारकर, तसा हा व्हाइटसँड्सकर! लॅटिनचा प्रत्यय मराठी मुलाला इतक्या सहज समजावता येतो याचा मला फार आनंद होतो.

तेव्हा वाक्य असं करावं: ‘अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात आढळणाऱ्या एका चिमुकल्या पतंगाची जाती वेगळी असल्याचं संग्रहालयातल्या नमुन्यांवरून लक्षात आलं आणि २०१७ मध्ये या नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं.’ लांबलं खरं, पण भित्तिपत्रिकेवर तेवढी जागा निघेल. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे शास्त्रीय नाव अवतरणात किंवा वेगळ्या रंगाच्या शाईनं लिहावं, म्हणजे दोन्ही शब्द मिळून एकच नाव आहे हे दिसेल.